लेकाचा पहिला सिनेमा आणि त्यानंतरची अडीच वर्षं

मुलाला सिनेमात कसं घातलं, फोटो कुठे पाठवायचे, कोणाला भेटायचं असं विचारणारे फोन मला अजून येतात. प्रत्येकीला तेच तेच सांगते आणि फोन ठेवला की लक्षात येतं, अरे जे सांगायला पाहिजे होतं ते राहूनच गेलं. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय. लांबेल, पण लांबू दे.

आम्ही पुण्याचे. लेक तेव्हा चौथीत, नऊ वर्षांचा. उन्हाळी सुट्टीतल्या बालनाट्य शिबिराचा शेवटचा प्रयोग बघायला कास्टिंगचं काम करणारा एक मुलगा आला होता, त्याने नंबर घेतला आणि जून २०२२ मध्ये ऑडिशनला बोलावलं. एवढंच. ओळख नाही, वशिला नाही, पैसे भरणं नाही. पैसे मागणारे पुढे खूप भेटले, पोर्टफोलिओ करून देतो, कार्ड काढून देतो, एवढे भरा म्हणजे रोल नक्की वगैरे. काम देणारा माणूस आपल्याला पैसे देतो, आपल्याकडे मागत नाही, त्यामुळे जिथे आधी भरायला सांगतात तिथून मुलाचा हात धरून सरळ उठायचं.

ऑडिशन म्हणजे एक छोटी खोली, दोन लाइट, एक कॅमेरा. नाव, वय, उंची सांगायची, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. मग त्याला म्हणाले की तुझा पतंग कोणीतरी फाडलाय, काय करशील? बाहेरची बाकीची मुलं रडून दाखवत होती, ओरडत होती, दारातून ऐकू येत होतं. आमच्याने शांतपणे विचारलं, "कोणी फाडला?" आणि उत्तराची वाट बघत बसला. नंतर सरांनी, म्हणजे सिनेमाच्या दिग्दर्शकांनी, मला सांगितलं की त्या वाट बघण्यावर त्याला घेतला. अजून तीन राउंड झाले, लुक टेस्ट झाली, आणि ऑगस्टमध्ये फोन आला की झालं, फायनल.

मग आम्हाला तीन रात्री झोप नाही. आनंदाने नाही, भीतीने. सासूबाई म्हणाल्या, अगं त्यात काय एवढं, सचिन नव्हता का. १९६३ च्या 'हा माझा मार्ग एकला' मधला छोटा सचिन त्यांना अजून जसाच्या तसा आठवतो, आणि तोच पोरगा १९७५ ला 'गीत गाता चल' मध्ये हिरो झाला. महेश कोठारेंचंही तसंच, 'छोटा जवान' मधला मुलगा १९८५ ला 'धुमधडाका' चा दिग्दर्शक. नवऱ्याला जुन्या सिनेमाचं वेड, तो आणखी मागे गेला, म्हणे फाळक्यांनी १९१९ ला 'कालिया मर्दन' केला तेव्हा कृष्ण कोण होता, त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी.

मला मात्र त्या रात्रीत सारखा शफीक सय्यद आठवत होता. 'सलाम बॉम्बे' मधला मुलगा, १९८८ चा सिनेमा, जगभर गाजला, त्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे तो बंगळुरात रिक्षा चालवत होता. रिक्षा चालवणं कमीपणाचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, कष्टाची भाकरी आहे ती. मला त्याच्यातला मधला काळ छळत होता. सगळं युनिट आपापल्या घरी गेलं, फोन यायचे बंद झाले, आणि ते पोर रोज सकाळी उठत असणार, तेव्हा त्याला काय वाटत असेल? हे कोणी सांगत नाही.

चौथ्या दिवशी आमच्या लक्षात आलं की आपण दोघं रात्रभर बोलतोय आणि ज्याला करायचंय त्याला विचारलंच नाही. विचारलं. गोष्ट एका खेड्यातल्या मुलाची आणि त्याच्या शेळीची होती. तो म्हणाला, शेळी खरी असणार का? खरी असेल तर करतो.

आता कागदपत्रं, जी कोणाला वाचायला आवडत नाहीत, पण प्लीज वाचा. आमच्याकडे करार आला त्यात एक ओळ होती की शूटिंग संपेपर्यंत कलाकार पूर्ण वेळ उपलब्ध राहील. नऊ वर्षांचा मुलगा पूर्ण वेळ उपलब्ध? नात्यातल्या एका वकील दादाला दाखवलं, त्याने नियम समजावून सांगितले. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, १४ वर्षांखालच्या मुलांना कुठलंही काम करायला बंदी, अपवाद दोनच, शाळेव्यतिरिक्तच्या वेळात घरच्यांना त्यांच्या धंद्यात हातभार लावणं (तोही धोक्याचा धंदा नसेल तर) आणि कलाकार म्हणून काम. पण कलाकारालाही मोकळं रान नाही. २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, विश्रांती न देता सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडता कामा नये, दर पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस नेमायचा, आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध काही करायला लावायचं नाही. आणि निर्मात्याने जिथे शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, ती सहा महिने चालते.

आमचं बरंचसं शूटिंग वाईला, म्हणजे सातारा जिल्हा. तीन दिवस गोरेगावच्या फिल्मसिटीत, म्हणजे मुंबई उपनगर. दोन जिल्हे, दोन परवानग्या. प्रॉडक्शनवाले म्हणाले, ताई ते सगळं होतं नंतर, आमचं आम्ही बघतो, तुम्ही सही करा. मी म्हटलं परवानगीची कॉपी दाखवा, मग करते. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला दोनदा ऐकवलं गेलं की दुसरा मुलगा बघू, आणि खरं सांगते, पोटात गोळा यायचा, कारण लेक तोपर्यंत वर्कशॉपला जायला लागला होता आणि शेळीला रोज पाला घालत होता. पण कॉपी आली. मी तिची झेरॉक्स घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि ती वही-पेनापेक्षा जास्त वेळा बाहेर काढावी लागली. करारातली ती ओळही बदलून घेतली.

वर्कशॉपमध्ये पाठांतर नव्हतं. जो नट त्याचा बाप होणार होता त्याच्यासोबत नुसतं राहायचं, जेवायचं, भांडायचं. भाषेसाठी गावातलाच एक दादा होता, तो त्याच्याकडून "नाही" चं "न्हाई" घोटून घ्यायचा. घरी येऊन हा मला पण न्हाई म्हणायला लागला.

शूटिंग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एकूण २४ दिवस, मध्ये पाच दिवसांची सुट्टी. मेणवलीच्या घाटावर सकाळी सहाचा कॉल टाइम, कृष्णेवरून धुकं उठत असायचं, थंडी मरणाची, आणि हा हाफ चड्डीत. सेटवरची माणसं मात्र फार माया करणारी. स्पॉट दादा त्याच्यासाठी शेगडी पेटवून ठेवायचे, लाइट दादा त्याला उजेड चेहऱ्यावर परतवायचा थर्माकोल कसा धरायचा ते शिकवायचे, मेकअप दादा रोज त्याच्या गुडघ्यावर तीच खोटी जखम त्याच जागी काढायचे आणि तो मोबाईलवर कालचा फोटो बघून "दादा अर्धा इंच खाली" असं सांगायचा. कंटिन्युइटी म्हणजे काय हे त्याला माझ्याआधी कळलं.

भांडण एकाच गोष्टीवरून, पाच तास कधीपासून मोजायचे? मी मेकअपच्या खुर्चीत बसल्यापासून मोजायची, ते पहिल्या "ॲक्शन"पासून. एक शॉट म्हणजे मास्टर (सगळा सीन लांबून), मग दोन्ही बाजूंनी ओव्हर द शोल्डर (समोरच्याच्या खांद्यावरून), मग क्लोजअप (नुसता चेहरा), मग शेळीचा वेगळा शॉट, आणि शेळी काय एका टेकमध्ये बघत नाही. त्याच्यासाठी नेमलेली जी ताई होती, विशीतली मुलगी, तिने शेवटी वही केली. सेटवर आला ६.१०, मेकअप ६.२०, पहिला शॉट ७.०५, ब्रेक ८.५०. रोज मी खाली सही करायची. दोनदा पाच तास उलटले आणि मी वही आणि झेरॉक्स घेऊन मॉनिटरपाशी जाऊन उभी राहिले, आणि दोन्ही वेळा त्याचं पॅकअप झालं. नुसती आई म्हणून गेले असते तर "ताई फक्त एक शॉट" म्हणून परत पाठवलं असतं, कागद हातात होता म्हणून ऐकलं.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

पंधरावा-सोळावा दिवस असेल. सीन असा की शेळी विकली जाते आणि मुलगा घाटावर एकटा येऊन रडतो. संध्याकाळची वेळ, उजेड उतरत चाललेला, तोच उजेड हवा होता म्हणून सगळे घाईत. चार टेक झाले, त्याला रडूच येईना. कसं येणार, शेळी मागे बांधलेली, पाला खातेय, त्याला दिसतेय. खोटे अश्रू आणायचं ग्लिसरीन नको होतं कारण क्लोजअप होता. तेवढ्यात एक जण माझ्याकडे आला, ताई दोन मिनिटं जनरेटरच्या गाडीमागे उभ्या राहता का, त्याची नजर तुमच्याकडे जातेय. मी गेले. मला काही वाटलंच नाही, रोज कोणी ना कोणी सांगतं इकडे सरका, तिकडे सरका.

जनरेटरच्या घरघरीत पण मला त्याचं रडणं ऐकू आलं, आणि ते नाटकातलं नव्हतं. आईला कळतं. तापात रात्री घाबरून उठल्यावर तो जसा रडतो तसं होतं, आधी आवाज नाही, मग एकदम. त्याला सांगितलं होतं की आई गेली पुण्याला, तुला सोडून गेली, नीट रडलास तर परत बोलावू. आणि मी बाहेर येईपर्यंत कट झालं होतं, टाळ्या वाजत होत्या, ओके, ओके, काय दिलंय पोराने. मी धावत गेले तर त्याने आधी मला कमरेवर दोन बुक्क्या मारल्या आणि मग घट्ट धरलं. हात इतका गार होता त्याचा.

पर्समध्ये कागद होता. तासांचा नियम होता, मर्जीविरुद्ध नको हा नियम होता. आणि मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन गाडीमागे उभी राहिले होते, का ते न विचारता. हे मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

रात्री सरांशी बोलले, बोलले म्हणजे भांडलेच, नवरापण पुण्याहून निघून आला होता. सर म्हणाले, मला माहीत होतं, मी थांबवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकाजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, काल आम्ही तुझ्याशी खोटं बोललो, चुकलं. त्याने ऐकून घेतलं, काही बोलला नाही. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, आई तू पिवळी ओढणी घाल आणि त्या डब्याजवळ उभी राहा, मला कळलं पाहिजे. डबा म्हणजे मॉनिटर. उरलेले सगळे दिवस मी तीच ओढणी घातली, रात्री धुवायची, सकाळी ओलसर असली तरी घालायची. प्रत्येक शॉटच्या आधी तो एकदा बघायचा, मग मान हलवायचा, मग क्लॅप. पुढे कोणी मला हलायला सांगितलं नाही.

मे २०२३ मध्ये मुंबईला डबिंग झालं. सेटवर घेतलेला आवाज नुसता पायलट, त्यात जनरेटर, कावळे, घाटावरची माणसं, त्यामुळे सगळं परत बोलायचं. काळोख्या खोलीत हेडफोन लावून, पडद्यावर स्वतःचे ओठ बघत, ओळीला ओळ. मजेत केलं त्याने, दोन दिवसांत निम्मा सिनेमा झाला. मग तो रडण्याचा लूप, म्हणजे परत परत वाजवायचा तुकडा, आला. तीनदा वाजवला, तो नुसता बघत राहिला. मग हेडफोन काढून म्हणाला, "हे मला नाही जमणार, तेव्हा आई खरंच गेली होती." साउंडवाल्या दादांनी काही विचारलं नाही. त्यांनी पायलटच साफ करून ठेवला. म्हणजे सिनेमात जे रडणं ऐकू येतं ते त्या संध्याकाळचंच आहे. सगळे त्याच सीनचं कौतुक करतात. मी तो सीन आला की खाली बघते.

पैशांचं पण सांगते, कारण तिथे बहुतेक आईबाप गोंधळतात. मुलाच्या कमाईतला निदान २० टक्के भाग निर्मात्याने थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत टाकायचा असतो, तो मूल सज्ञान झाल्यावर त्याचा. समजा लाख रुपये ठरले तर वीस हजार तिकडे. आम्हाला म्हणाले सगळे बाबांच्या खात्यात टाकतो, तुम्हीच करा एफडी. आम्ही नाही म्हटलं. त्याचं पॅन कार्ड काढलं, लहान मुलाचंही निघतं. टीडीएस त्याच्याच पॅनवर कापून घेतला, आणि मुलाने स्वतःच्या कलेवर मिळवलेलं उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात धरत नाहीत, त्याचा वेगळा रिटर्न भरता येतो, हेही तेव्हाच कळलं. बाकीचे ८० टक्के पण आम्ही हात न लावता त्याच्याच नावाने ठेवले. नवऱ्याने मला जॅकी कूगनची गोष्ट सांगितली होती, चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड' मधलं ते पोर. लहानपणी तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असतील असं म्हणतात, मोठा झाल्यावर बघतो तर आई आणि सावत्र बापाने उडवलेले, १९३८ ला स्वतःच्या आईवर केस केली आणि हातात आले जेमतेम सव्वा लाख डॉलर. त्याच्यामुळे कॅलिफोर्नियात १९३९ ला मुलांच्या कमाईचा कायदा झाला. एका मुलाला आईला कोर्टात उभं करावं लागलं, हे ऐकून मी त्याच आठवड्यात बँकेत गेले.

सिनेमा फेब्रुवारी २०२४ ला लागला. तीन आठवडे चालला. ते तीन आठवडे म्हणजे घरात नुसती वर्दळ, पेपरात फोटो, शाळेच्या गेटवर पोरांची गर्दी, मॉलमध्ये सेल्फी. छान वाटत होतं, कशाला खोटं सांगू. मग एका लग्नात नात्यातले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, अरे ते रडून दाखव ना, घाटावरचं. आणि त्याने दाखवलं. हातात आइस्क्रीमची वाटी, आणि अर्ध्या मिनिटात डोळ्यांत पाणी. लोक टाळ्या वाजवतायत. मी वाटी घेतली, त्याला घेतलं, बाहेर आले. तो म्हणाला, आता जमतं मला. मला काय बोलावं कळलं नाही.

आणि मग शांतता. मी घाबरत होते ती हीच. एप्रिलपासून फोन कमी, जूनपर्यंत बंद. तो शाळेतून आला की दप्तर काढायच्या आधी विचारायचा, कोणाचा फोन आला? मी नाही म्हणायची. सहा महिने रोज. चिडका झाला होता, वर्गात पुढे पुढे करायला लागला, मित्र म्हणायला लागले की हा स्वतःला हिरो समजतो. दोन ऑडिशन दिल्या, दोन्हीकडून नकार, एका ठिकाणी म्हणाले की आम्हाला पुढचे दात पडलेला मुलगा हवा होता. आता दात कुठून पाडणार? शाळेच्या समुपदेशक मॅडमना भेटलो. त्यांनी एकच गोष्ट करायला सांगितली, तो फोनबद्दल विचारेल तेव्हा नाही म्हणून विषय संपवायचा नाही, बसायचं आणि सेटवरची एखादी आठवण त्याच्याकडून ऐकायची. आम्ही ऐकल्या. शेगडी, शेळी, थर्माकोल, अर्धा इंच खाली. हळूहळू प्रश्न बंद झाला. मला तारीख नाही सांगता येणार, एक दिवस लक्षात आलं की बरेच दिवसांत विचारलं नाही.

गेल्या वर्षी नवऱ्याने सकाळी पेपर वाचून दाखवला, 'नाळ २' मधल्या तिन्ही मुलांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, त्यात 'नाळ' चा श्रीनिवास पोकळे पण होता, त्याला पहिल्या सिनेमालाही मिळाला होता. मला धाकधूक झाली की आता याला वाईट वाटणार. तो म्हणाला, भारीये, आणि सायकल घेऊन गेला.

आता तो आठवीत आहे, तेरा वर्षांचा. आवाज फुटलाय, माझ्यापेक्षा उंच झालाय. या वयाला रोल फार कमी, मुलगा म्हणून मोठा आणि हिरो म्हणून लहान. तरी ऑगस्टमध्ये एक फोन आला, नवीन सिनेमा, चांगली भूमिका, काकू त्याला विचाराल का. मी स्पीकर लावला आणि फोन त्याच्यासमोर ठेवला. त्याने आधी तारखा विचारल्या. मग विचारलं, रडायचा सीन आहे का? समोरचे म्हणाले, हो, एक आहे. हा म्हणाला, "मग ग्लिसरीन लागेल. आणि आई मला दिसेल अशी उभी राहणार, क्लोजअपला पण." पलीकडून दोन क्षण काहीच नाही, मग म्हणाले, सरांशी बोलून कळवतो.

अजून काही कळवलं नाही. त्याची सहामाही सुरू आहे, काल गणिताचा पेपर झाला, आणि दुपारी येऊन त्याने दप्तर काढलं आणि जेवायला बसला.